धमनी रुंद म्हणजे तब्येत ठणठणीत? रक्तवाहिनीचा आकार आणि तिचं काम

एखाद्याची अँजिओग्राफी झाली की गल्लीत दोन दिवस एकच चर्चा असते, "नसा बारीक निघाल्या म्हणे." त्यावर कुणीतरी जोडतंच, "त्यांच्या घराण्यातच आहे ते." लातूर, नांदेड, संभाजीनगरकडं आता तपासणीची पॅकेजं निघाली आहेत. त्यांतल्या काहींत हातापायाला पट्टे बांधून 'रक्तवाहिन्यांचं वय' सांगतात, काहींत दंडावर सोनोग्राफी करून धमनीची रुंदी आणि रक्ताचा प्रवाह वाढल्यावर ती किती टक्के फुलते ते सांगतात. कसलाही त्रास नसलेला माणूस तो कागद हातात घेऊन बसतो आणि त्याला कळत नाही, की मिलिमीटर जास्त असलेले बरे की टक्के.

प्रश्न रास्त आहे. कारण निरोगी माणसांत हे दोन आकडे उलट्या दिशेनं जातात. धमनी जितकी लहान, तितकी तिची फुलण्याची टक्केवारी जास्त येते. धमनी मोठी असली की टक्के कमी. हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, एक तरी आकडा चुकलाय. आकडे बहुधा बरोबर असतात. चूक होते ती आकार आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी एकाच टक्केवारीत कोंबून वाचण्यात.

बोलताना आपण सगळ्यालाच नस म्हणतो. इथं फक्त हृदयाकडून रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिनीबद्दल, म्हणजे धमनीबद्दल बोलू.

भिंतीत काय असतं

हृदयातून निघणारी महाधमनी सुरुवातीला साधारण अडीच-तीन सेंटिमीटर रुंद असते. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तीन-चार मिलिमीटरच्या. दंडातली धमनी, जिच्यावर पट्टा बांधून बीपी मोजतात, ती बहुतेक प्रौढांत ३ ते ५ मिमी. मनगटाशी नाडी लागते ती अडीचच्या आसपास. तिथून पुढं फाटे फुटत फुटत मिलिमीटरचा काही भाग एवढ्याच उरतात, त्यांना धमनिका म्हणतात. शेवटी केसाहून बारीक केशवाहिन्या.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेरचं वेष्टन, मधला स्नायूंचा थर आणि रक्ताला लागून असलेलं आतलं अस्तर. मधले स्नायू आपल्या मर्जीनं हलत नाहीत. ते आवळले की धमनी अरुंद होते, सैलावले की रुंद. आतलं अस्तर म्हणजे एंडोथेलियम. त्याची जाडी फक्त एका पेशीची. बरीच वर्षं ते नुसतं गुळगुळीत लिंपण समजलं जायचं. प्रत्यक्षात स्नायूंनी कधी सैलावायचं हे मोठ्या प्रमाणात तेच ठरवतं. रक्त भिंतीला चिकटू न देणं, नको तिथं गुठळी होऊ न देणं हीही त्याचीच कामं. डॉक्टर 'रक्तवाहिनीचं काम' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या मनात हे अस्तर असतं.

ठिबकची मेन लाइन आणि ड्रिपर

आपल्याकडं ठिबक नाही असं गाव आता शोधावं लागेल, म्हणून तेच उदाहरण घेऊ. विहिरीवर मोटर, तिथून ६३ किंवा ७५ मिमीची मेन लाइन, पुढं सबमेन, मग १६ मिमीच्या लॅटरल, आणि लॅटरलवर तासाला ४ लिटर देणारे ड्रिपर. आता सांगा, एका झाडाला किती पाणी पडणार हे कशावर ठरतं? मेन लाइन ७५ ची काढून ९० ची टाकली, तरी झाडाला मिळणारं पाणी फारसं वाढत नाही. अडवणूक ड्रिपरपाशी आहे.

शरीरातही तसंच आहे. रक्ताला होणारा विरोध मुख्यतः धमनिकांमध्ये असतो. दंडातली धमनी मेन लाइन आहे. शास्त्राच्या पुस्तकात एक नियम सापडतो, की नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे नळी दहा टक्के रुंद झाली तर प्रवाह सुमारे ४६ टक्के वाढायला हवा. नियम खरा आहे, पण तो त्या एका तुकड्याच्या दोन टोकांतला दाब कायम असेल तरच. पुढं ड्रिपर तेवढेच राहिले तर मेन लाइन रुंदावून त्यातला थोडासाच फायदा हाती लागतो. म्हणून आरामात बसलेल्या निरोगी माणसाची दंडातली धमनी ३ मिमी आहे की ४, यावरून त्याच्या हाताला रक्त पुरतं की नाही हे सांगता येत नाही. दोघांनाही पुरतं.

लॅटरलमध्ये गाळ साचला की आपण टोकाच्या एंड कॅप काढून फ्लश करतो. त्या क्षणी पुढची अडवणूक संपते आणि मेन लाइनमधून पाणी सुसाट धावतं. हे लक्षात ठेवा, पुढं चाचणीत नेमकं हेच करायचं आहे.

फक्त एका ठिकाणी हे उदाहरण साथ सोडतं. आतून पाणी जोरात गेलं म्हणून पीव्हीसी पाइप काही रुंद होत नाही. धमनी होते.

अस्तराला प्रवाह कळतो कसा

वाहतं रक्त भिंतीला घासत जातं. या घासण्याच्या जोराला घर्षणताण म्हणतात. अस्तराच्या पेशींना तो जाणवतो. रक्ताचा वेग वाढला की घर्षणताण वाढतो. नळी रुंद असेल तर तेवढ्याच वेगाला घर्षणताण कमी पडतो, कारण मधलं वेगवान रक्त भिंतीपासून लांब राहतं. हिशोबाच्या भाषेत घर्षणताण वेगाला व्यासानं भागल्यासारखा बदलतो. हा भागाकार पुढं सगळ्यात महत्त्वाचा ठरणार आहे.

घर्षणताण वाढला की अस्तराच्या पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात. तो शेजारच्या स्नायूत झिरपतो आणि स्नायू सैलावतो. हा वायू काही सेकंदांतच संपतो. त्यामुळं तो साठवून ठेवण्याची सोय नाही, लागेल तेव्हा ताजा करावा लागतो. अस्तर आजारी असेल तर तो कमी बनतो, किंवा बनल्याबरोबर नासतो. तंबाखू, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, वाढलेला रक्तदाब हे सगळे इथंच घाव घालतात. तेही धमनी चोंदण्याच्या कितीतरी वर्षं आधी.

हे उलगडलं त्याची गोष्ट छोटी आहे. अमेरिकेतले शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे द्रवात टांगून त्यावर औषधं टाकून पाहत होते. ॲसिटिलकोलिन हे रसायन टाकलं की कधी तुकडा सैलावायचा, कधी नाही. तुकडा कापताना आतली बाजू घासली गेली असेल तर सैलावत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. घासण्यात अस्तर खरवडून निघत होतं. हा शोध १९८० साली छापून आला. तो अज्ञात पदार्थ नायट्रिक ऑक्साइड आहे हे नंतर ठरलं, आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं.

पाच मिनिटांचा पट्टा

अस्तर काम करतं का, हे बाहेरून पाहायची पद्धत १९९२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. तिचं नाव फ्लो मीडिएटेड डायलेशन, थोडक्यात एफएमडी. म्हणजे प्रवाह वाढल्यामुळं धमनीचं फुलणं. नीट केली तर ती अशी होते.

माणूस उपाशीपोटी येतो आणि शांत, फार गरम नाही आणि फार गार नाही अशा खोलीत निदान दहा मिनिटं आडवा पडतो. हात बाजूला, तळवा वर. कोपराच्या थोडं वर दंडावर सोनोग्राफीचा प्रोब लांबीच्या दिशेनं असा ठेवतात, की धमनीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही भिंती पडद्यावर रेघेसारख्या स्पष्ट दिसतात. प्रोब हातानं न धरता स्टँडला आवळतात, कारण अर्धा मिलिमीटर सरकला तरी चित्र दुसऱ्याच जागेचं येतं. आधी निवांत असतानाचा व्यास आणि रक्ताचा वेग नोंदवतात.

मग कोपराच्या खाली बांधलेला बीपीचा पट्टा वरच्या रक्तदाबापेक्षा किमान ५० नं जास्त फुगवून पाच मिनिटं तसाच ठेवतात. हाताला मुंग्या येतात, बोटं फिकी पडतात. पट्ट्यापुढच्या भागाला रक्त मिळत नाही म्हणून तिथल्या धमनिका पूर्ण उघडतात. पाच मिनिटांनी पट्टा एकदम सोडला की एंड कॅप काढल्यासारखं होतं, दंडातल्या धमनीतून रक्त कित्येक पट वेगानं धावतं. अस्तराला ते जाणवतं, नायट्रिक ऑक्साइड सुटतो, धमनी फुलते. सगळ्यात जास्त फुगवटा साधारण पाऊण मिनिट ते दीड मिनिटाच्या दरम्यान येतो. म्हणून पट्टा सोडल्यावर तीन मिनिटं सलग चित्रण करतात आणि कडा संगणकाकडून ओळखून घेतात.

जितकं वाढलं त्याला मूळ व्यासानं भागायचं, शंभरानं गुणायचं. ४ मिमीची धमनी ४.२८ झाली तर एफएमडी ७ टक्के. निरोगी तरुण प्रौढात हा आकडा बहुधा ५ ते १० च्या आसपास असतो. एक तृतीयांश मिलिमीटरसुद्धा नाही एवढ्या हालचालीवर हा सगळा डोलारा उभा आहे, हे विसरू नये.

पट्टा कुठं बांधला यानंही निकाल बदलतो. तो प्रोबच्या वर, दंडाच्या वरच्या भागात बांधला तर फुगवटा मोठा येतो, पण त्यात नायट्रिक ऑक्साइडशिवाय इतर कारणांचा वाटा वाढतो. मग अस्तराविषयी काढलेला निष्कर्ष पातळ होतो. जुन्या पद्धतीत नेमकं साठाव्या सेकंदाला एकच माप घेत. ज्यांची धमनी उशिरा फुलते, म्हणजे बरेचसे वयस्क लोक, त्यांचा आकडा त्यामुळं कमी यायचा.

लहान धमनीला जास्त टक्के का मिळतात

१९९२ च्या त्या पहिल्या अभ्यासातच निरोगी लोकांत हा उलटा संबंध ठळक दिसला होता. त्याची तीन कारणं आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीची आहेत.

पहिलं शरीराचं. पट्टा सोडल्यावर सुटणाऱ्या रक्ताचा वेग दोन माणसांत सारखाच आला असं समजा. एकाची धमनी ३ मिमी, दुसऱ्याची ४.५ मिमी. मघाचा भागाकार आठवा. सारख्या वेगाला मोठ्या धमनीत घर्षणताण दीडपट कमी पडतो. आणि वेग सारखा न मानता मिनिटाला जाणारं रक्त सारखं मानलं, तर फरक व्यासाच्या घनात जातो. दीडाचा घन ३.३७, म्हणजे मोठ्या धमनीच्या अस्तराला लहान धमनीच्या एक तृतीयांशाहूनही कमी घासण लागते. खऱ्या माणसांत उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठंतरी असतं, कारण मोठ्या हाताला रक्तही जास्त जातं. मुद्दा एवढाच, की दोन्ही अस्तरांना सारखी हाक मारलेलीच नाही. लहान धमनीला जोरात हाक गेली, तिनं जास्त ओ दिली. याचा अर्थ मोठीचे कान खराब आहेत असा होत नाही.

दुसरं कारण भिंतीचं. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन दिलं तर ते अस्तराला वगळून थेट स्नायू सैल करतं. तरीही लहान धमन्या टक्क्यांत जास्त फुलतात. म्हणजे सगळा फरक घर्षणताणाच्या माथी मारता येत नाही.

तिसरं कारण निव्वळ गणिताचं, आणि ते सगळ्यात कमी लोक बोलून दाखवतात. उदगीरच्या एका शिक्षिकेची धमनी ३ मिमी आणि परळीच्या एका पैलवानाची ४.५ मिमी असं धरू. दोघंही निरोगी. दोघांच्याही धमन्या पट्टा सोडल्यावर ०.२७ मिमीनं वाढल्या. शिक्षिकेचे टक्के ९, पैलवानाचे ६. वाढ तंतोतंत सारखी, तरी कागदावर बाईंचं अस्तर दीडपट सरस दिसतं.

याला मोजमापाची चूक येऊन मिळते. समजा शिक्षिकेचा मूळ व्यास तंत्रज्ञानं ३.० ऐवजी २.९ वाचला आणि फुललेला बरोबर ३.२७ वाचला. आता वाढ ०.३७ झाली आणि भागाकार २.९ नं. एफएमडी ९ वरून थेट १२.८ वर गेला. एक दशांश मिलिमीटरची चूक! मूळ व्यास कमी वाचला की वरची संख्या वाढते आणि खालची घटते, दोन्हीकडून टक्के फुगतात. तेव्हा शंभर माणसांचा आलेख काढला तर त्यात लहान व्यास आणि जास्त टक्के यांची जोडी काही प्रमाणात आपोआपच जमते.

संशोधकांनी यावर इलाज काढले आहेत. ग्रेग ॲटकिन्सन आणि ॲलन बॅटरहॅम यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की साधी टक्केवारी एक गोष्ट गृहीत धरते: मूळ व्यास ज्या प्रमाणात मोठा, त्याच प्रमाणात फुललेला व्यासही मोठा असणार. तसं होत नाही, मोठ्या धमन्या थोड्या मागं राहतात. म्हणून दोन्ही व्यासांचे लॉगरिदम घेऊन, मूळ आकाराचा प्रभाव वेगळा काढून गटांची तुलना करावी, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. शिवाय ही दुरुस्ती गटावर चालते. एकट्या माणसाच्या कागदावर ती करता येत नाही, कारण प्रभाव किती हे ठरवायलाच बरीच माणसं लागतात.

"मग बारीक धमनी असणंच चांगलं म्हणायचं?"

नाही. बायकांचे एफएमडीचे टक्के पुरुषांपेक्षा जास्त येतात, त्यातला मोठा वाटा धमनी लहान असण्याचा आहे. आकाराचा हिशोब धरला की अंतर बरंच कमी होतं. ते सगळंच अंतर आकारामुळं असं मात्र म्हणता येणार नाही. पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेन अस्तराला मदत करतं. पुरुषांत एफएमडीची घसरण चाळिशीच्या सुमारास सुरू होते, बायकांत पन्नाशीनंतर, हे आकारानं समजावता येत नाही.

उलट बाजूनं, रुंद धमनी म्हणजे चांगली हेही खरं नाही. वयाबरोबर आणि वर्षानुवर्षं चढ्या रक्तदाबानं धमन्या रुंदावतात आणि ताठरतात. हृदयाच्या धमन्यांची तर आणखी एक खोड आहे. भिंतीत चरबीचा थर साचू लागला की धमनी बाहेरच्या बाजूनं फुगून आतली वाट मोकळी ठेवते. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट सिमूर ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की धमनीच्या आतल्या क्षेत्राचा सुमारे ४० टक्के भाग थरानं व्यापेपर्यंत वाट अरुंद होत नाही. अँजिओग्राफीत फक्त वाट दिसते. त्यामुळं 'नस मोकळी आहे' या वाक्यात भिंतीची खबर नसते.

"ऊसतोडीचा माणूस, पैलवान, पळणारा पोरगा: यांचे टक्के कमी आले तर?"

मला वाटतं सगळ्यात जास्त गैरसमज इथं होतो. कष्टाची किंवा व्यायामाची सवय असलेल्या माणसाच्या धमन्या रुंद असतात. रॅकेटच्या खेळाडूंत तर खेळणाऱ्या हाताची धमनी दुसऱ्या हातापेक्षा मोठी सापडते. हेच तत्त्व लावलं तर वर्षातले चार-पाच महिने कोयता चालवणाऱ्या उजव्या हाताची धमनीही डाव्यापेक्षा मोठी असायला हवी. अशा धमनीचे टक्के बेताचेच येतात.

व्यायाम सुरू केल्यावर काय होतं हे आठवड्याआठवड्यानं पाहिलेलं आहे. पहिल्या दोन-चार आठवड्यांत एफएमडी वाढतो. अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड देऊ लागतं. व्यायाम तसाच चालू ठेवला तर आठव्या आठवड्यापर्यंत टक्के खाली उतरून जवळपास मूळ जागी येतात, आणि त्याच काळात धमनीची सगळ्यात जास्त फुलण्याची क्षमता वाढलेली असते. म्हणजे आधी काम सुधारतं, मग तेच काम आकार बदलतं. धमनी रुंदावली की तेवढ्याच प्रवाहाला घर्षणताण पुन्हा जुन्या पातळीवर येतो आणि अस्तराला रोज धावपळ करावी लागत नाही. व्यायाम सोडला म्हणून टक्के उतरले असं कुणी म्हणेल, तर तो माणूस व्यायाम करतच होता.

यामागं घर्षणताणच आहे याचा पुरावा छान आहे. दोन्ही हातांनी मूठ आवळण्याचा व्यायाम आठ आठवडे करवला, पण एका हाताला हलका पट्टा बांधून तिथला रक्ताचा वेग वाढू दिला नाही. मेहनत दोन्ही हातांची सारखीच. धमनीतला बदल फक्त मोकळ्या हातात झाला.

याची दुसरी बाजूही पाहिलेली आहे. १९८६ मध्ये सशांच्या मानेतल्या धमनीचा प्रवाह कमी केल्यावर धमनी हळूहळू अरुंद झाली. अस्तर काढून टाकलं तेव्हा ती अरुंद झाली नाही. निरोगी माणसाचा धमनीचा आकार हा अस्तरानं इतकी वर्षं केलेल्या कामाचा परिपाक असतो, त्याच्या जोडीला उंची, बांधा आणि आनुवंशिकता.

"आपल्या लोकांच्या नसाच बारीक, त्याला काय करणार?"

भारतीयांच्या हृदयाच्या धमन्या युरोपीय लोकांपेक्षा सरासरीनं लहान मोजल्या जातात, हे खरं. पण आपला बांधाही लहान असतो. शरीराच्या पृष्ठफळाशी ताडून पाहिलं की तो फरक बहुतांशी मिटतो. लहान बांध्याच्या माणसाला लहान धमनी पुरते. लहान धमनीत बायपास किंवा स्टेंट करणं सर्जनला अवघड जातं, ही वेगळी आणि खरी अडचण आहे. पण आपल्याकडं हृदयविकार लवकर येतो याचं खापर नसांच्या मापावर फोडलं, की तंबाखू, साखर, बीपी आणि पोटाचा घेर अलगद सुटून जातात.

चाचणी कशानं बिघडते

धमनी सकाळपासून काय काय सोसून आली आहे, त्याचा हिशोब एफएमडीत उतरतो. म्हणून चाचणीआधी किमान सहा तास पोटात अन्न नको. भजी-पुरीसारखं तेलकट खाणं एकदा पोटात गेलं तरी पुढचे काही तास एफएमडी घसरलेला राहतो. चहा-कॉफी आणि तंबाखू बारा तास बंद. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनी निर्धास्त होऊ नये. ओठाखाली धरलेल्या तंबाखूचाही अस्तरावर तासाभरात परिणाम दिसतो. आदल्या दिवशी जड कष्ट किंवा व्यायाम नको. पाळीच्या चक्रात एफएमडी खालीवर होतो, म्हणून बायकांची दुसरी चाचणी चक्राच्या त्याच टप्प्यात घ्यावी लागते.

मराठवाड्यात उन्हाचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. मे महिन्यात ४२-४३ अंशांतून दुचाकीवर आलेल्या माणसाच्या त्वचेकडची रक्तवाहिन्यांची जाळी आधीच उघडलेली असते. हाताकडं रक्त जास्त धावत असतं आणि दंडातली धमनीही थोडी फुललेली असते. फुललेल्याला आणखी किती फुलवणार? मूळ व्यास मोठा, वाढ लहान, टक्के दोन्हीकडून पडतात. दहा मिनिटांची विश्रांती अशा वेळी पुरत नाही. आधी घाम सुकू द्यावा, अंग निवू द्यावं.

धमनीच्या मापालाही मर्यादा आहेत. २.५ मिमीपेक्षा लहान धमनीत माप खात्रीनं घेता येत नाही. ५ मिमीच्या वर फुगवटा इतका कमी असतो की तो सहज डोळ्यात भरत नाही. या दोन टोकांच्या माणसांना दिलेली टक्केवारी सावधपणे वाचावी.

ही चाचणी करून घ्यावी का?

हजारो लोकांना एकत्र पाहिलं तर एफएमडी उपयोगाचा आहे. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशोबात एफएमडी एका टक्क्यानं जास्त असेल तर पुढं हृदयविकार किंवा पक्षाघाताची शक्यता साधारण ८ ते १३ टक्क्यांनी कमी दिसते. हा संबंध गटाचा आहे. एकट्या माणसासाठी वय, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांवरून जेवढा अंदाज येतो, त्यात ही चाचणी फार थोडी भर घालते. म्हणूनच रोजच्या दवाखान्यात ती रूढ झालेली नाही. धडधाकट माणसानं तिच्यावर पैसे घालण्याआधी घरातलं बीपीचं यंत्र बरोबर मापाच्या पट्ट्याचं आहे का ते पाहावं. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटं चढं दिसतं, आणि हा घोळ एफएमडीपेक्षा कितीतरी जास्त घरांत चालू आहे.

तरीही कुणी केलीच, तर कागदावर चार नोंदी आहेत का पाहा: मूळ व्यास मिलिमीटरमध्ये, फुललेला व्यास मिलिमीटरमध्ये, टक्के, आणि पट्टा सोडल्यावरचा रक्ताचा वेग किंवा घर्षणताण. नुसते टक्के छापले असतील तर त्यावरून नवरा-बायकोची, भावाभावाची तुलना करू नये. तुलना करायची तर त्याच माणसाची स्वतःशीच, तोच हात, तेच यंत्र, जमल्यास तोच तंत्रज्ञ, दिवसाची तीच वेळ. जानेवारीत सकाळी आठला उपाशीपोटी घेतलेला ८ टक्के आणि मेमध्ये दुपारी चहा पिऊन घेतलेला ५.५ टक्के यांच्यात अस्तर बिघडलंय की ऊन लागलंय हे कुणालाच सांगता येणार नाही. तंत्रज्ञ एकच असला तरी दोन वेळांच्या मापात टक्का-दोन टक्क्यांची तफावत मोजण्यातूनच येऊ शकते.